वऱ्हाडची मैदानं आणि डोक्याचा मुका मार

मोर्शी-वरुडच्या जमिनीला संत्रा मानवला. कापूस, तूर, सोयाबीन तर वऱ्हाडात सगळीकडंच. पण ज्या काळ्या मातीनं शेतकऱ्याचं घर भरलं, ती खेळणाऱ्या पोराच्या अंगाला सोसत नाही. पावसाळ्यात चिखल होऊन ती पाय ओढते. दिवाळीनंतर ओल आटली की तडकते, भेगाळते आणि वरचा थर टणक होतो. गावोगावच्या कबड्डीचा हंगाम नेमका याच दिवसांत सुरू होतो. सोयाबीन निघालेलं असतं, रात्री थंडी पडू लागते, चौकात हॅलोजनचे दिवे लागतात, आणि आदल्या आठवड्यापासून मंडळाची पोरं मैदान करायला लागतात. ढेकळं फोडायची, दुसरीकडची मऊ माती आणून पसरायची, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, चुन्यानं रेषा आखायच्या.

ही खटपट दिसायला सजावटीची वाटते, पण ती नियमातच लिहिलेली आहे. कबड्डीच्या नियमावलीची सुरुवातच मैदानापासून होते. मैदान सपाट आणि मऊ असावं, ते माती, शेणखत आणि लाकडाचा भुसा यांचं किंवा मॅटचं असावं, असं ती सांगते. चढाईपटू मध्यरेषेकडे सूर मारणार, तीन-चार जण त्याच्यावर पडणार, हे गृहीत धरूनच नियम करणाऱ्यांनी आधी जमीन मऊ करायला सांगितली. हे शहाणपण त्यांनी कुठून घेतलं, हे शोधायला फार लांब जावं लागत नाही. ते आखाड्यातून आलं.

आखाडा म्हणजे आधी माती. ती गाळून घेतलेली, खडा न् खडा वेचलेला. तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबाचा रस मुरवलेला. कुस्तीची पहिली मेहनत ही माती उकरण्याचीच. पोरगा नवा असो की जुना, पहाटे फावडं हातात घेऊन हौदा वरखाली केल्याशिवाय लंगोट कसायचा नाही. त्या मेहनतीनं दंड भरतात हे खरं, पण तिचा दुसरा उपयोगही तितकाच मोठा. रोज उकरलेली माती भुसभुशीत राहते, आणि धोबीपछाड मारली की पडणाऱ्याचं डोकं, मान, खांदा तिच्यात रुततात. न उकरलेल्या हौद्यात कुस्ती लावणारा वस्ताद वस्ताद मानला जात नसे.

दुसरा नियम जोडीचा. नागपंचमीच्या दंगलीत कुस्ती ठरण्याआधी दोन्ही पहिलवान समोरासमोर उभे करायचे, वय, वजन, अंगकाठी पाहायची, मगच जोड लावायची. उतरती जोड लागली तर प्रेक्षकच ओरडून ती मोडायला लावत. शाळकरी पोरांच्या कुस्त्या आधी, मोठ्यांच्या नंतर. आज शालेय स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालचे गट असतात; त्यांच्यामागचा विचार आखाड्यानं कागदाशिवाय पाळला होता.

तिसरी गोष्ट वस्तादाची नजर. मल्लखांबावर नवं पोर चढलं की खाली कोणीतरी उभं राहणारच. शिसवी किंवा सागवानी खांब, त्याला एरंडेल चोळलेलं, जमिनीपासून साधारण साडेआठ फूट उंच. तिथून हात सुटला तर डोकं आधी खाली येतं. पेशवाईच्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी या विद्येला नवा जीव दिला, तेव्हापासून एक रीत शिष्यांत चालत आली आहे: पकड पक्की झाल्याशिवाय पुढची उडी शिकवायची नाही.

ही सगळी रीत वऱ्हाडात संस्थेच्या रूपानं उभी राहिली ती १९१४ साली. लोकमान्यांच्या चळवळीनं भारलेल्या अमरावतीत, दादासाहेब खापर्ड्यांच्या गावात, अनंत आणि अंबादास या वैद्य बंधूंनी हनुमानाच्या नावानं आखाडा सुरू केला. त्याचंच पुढं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालं. अंग कमावणं हे त्या काळी देशकार्य होतं. हुतात्मा राजगुरूंनी काही काळ इथंच व्यायामाचे धडे घेतले. पण मंडळाची खरी करामत वेगळी होती. आखाड्यातली विद्या वस्तादाकडून शिष्याकडं तोंडी जायची. मंडळानं तिचे वर्ग भरवले. १९२०च्या दशकापासून उन्हाळी सुट्टीत देशभरातले शिक्षक अमरावतीला येऊ लागले. लाठी, लेझीम, मल्लखांब, कुस्ती, कबड्डी, खो-खो शिकून ते आपापल्या शाळांत परतत आणि तिथल्या मैदानावर तेच शिकवत.

महाराष्ट्रात इतरत्रही हे खेळ याच सुमारास नियमात बसत होते. १९१४ सालीच पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं खो-खोचे नियम ठरवायला समिती नेमली. हुतूतूचे, म्हणजे जुन्या कबड्डीचे, नियम साताऱ्याकडं १९१८च्या आसपास जुळवले गेले, आणि १९२३ साली बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्यानं छापील नियमांवर मोठी स्पर्धा भरवली. बडोद्यालाच द. चिं. मुजुमदारांनी १९३६ ते १९४९ या काळात व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड काढले. गावोगाव वेगळा खेळला जाणारा खेळ एका मापाचा झाला, आणि मापाबरोबर इजेची काळजीही नियमात शिरली. खो-खोचा खांब गुळगुळीत हवा, त्याला कुठंही धार नको. कबड्डीत नखं कापलेली हवीत, अंगाला तेल नको. चढाईपटूचं तोंड दाबणं, गळा आवळणं, पायांची कैची घालणं, इजा होईल अशी आडदांड पकड करणं हे फाऊल. जुन्या हुतूतूत जे खपून जायचं, ते पंचाच्या शिट्टीखाली आलं.

१९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या मंडळाचं पथक तिथं गेलं आणि मल्लखांब, कबड्डीसह देशी व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिकं त्यानं जगापुढं केली. पुढं १९४९ साली स्टॉकहोमच्या लिंगियाड या व्यायाममहोत्सवातही मंडळ गेलं. मधल्या वर्षांत डॉ. पंजाबराव देशमुखांच्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेसारख्या संस्थांनी वऱ्हाडात शाळांचं जाळं विणलं. प्रत्येक शाळेला मैदान लागलं, प्रत्येक मैदानाला ड्रिल मास्तर लागला, आणि त्या मास्तरांतले कितीतरी अमरावतीत तयार झालेले होते. मोर्शीसारख्या तालुक्याच्या गावी आज पोरं ज्या नियमांनी कबड्डी खेळतात, ते नियम या मास्तरांच्या शिट्टीबरोबर तिथं पोचले.

एवढ्या परंपरेनं हाडांची, सांध्यांची काळजी घेतली. मोडलेला हात बांधायला गावात हाडवैद्य होता, मुरगळलेल्या पायाला शेक आणि हळदीचा लेप होता. डोक्याच्या मुक्या माराला मात्र आखाड्याकडं उत्तर नव्हतं, कारण तो दिसतच नव्हता.

कबड्डीच्या मैदानावर तो कसा बसतो ते नीट पाहायला हवं. चढाईपटू बोनस रेषेपर्यंत जाऊन वळतो. कोपरारक्षक त्याचा घोटा धरतो. चढाईपटू अंग झोकून मध्यरेषेकडं हात लांबवतो, आणि त्याच क्षणी मध्यरक्षक आडवा येतो. चढाईपटूचं कपाळ खाली, रक्षकाचा गुडघा वर. कानशिलावर गुडघा बसतो. रक्त नाही, सूजही लगेच नाही. पोरगा दोन-तीन सेकंद तसाच पडून राहतो, मग उठून बसतो, पण भलत्याच बाजूच्या अंगणाकडं चालू लागतो. कडेची माणसं हसतात. कोणी तोंडावर पाणी मारतं, कोणी कांदा हुंगवायला धावतं. आणि मग आवाज येतो, "काही नाई झालं बाप्पा, उठ! मर्दाचं पोरगं हायेस!" पोरगा उठतो, टाळ्या पडतात, पुढची चढाई सुरू होते.

भलत्या बाजूला चालणं हीच मेंदू हादरल्याची खूण आहे. मेंदू कवटीत घट्ट बसवलेला नसतो, पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. डोक्याला झटका बसला, विशेषतः डोकं गर्रकन फिरलं, की तो आत हलतो, गोटा नारळात सुटलेलं खोबरं हलावं तसा. पेशींवर ताण येतो आणि त्यांचं काम काही काळ विस्कटतं. डॉक्टर याला कन्कशन म्हणतात. यात कवटी फुटत नाही, रक्तस्राव नसेल तर सीटी स्कॅनमध्येही काही दिसत नाही. बेशुद्धी यायलाच हवी असंही नाही. बहुतेक कन्कशनमध्ये मूल क्षणभरही शुद्ध हरपत नाही. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, उजेड-आवाज नकोसा होतो, मूल गोंधळतं, तोच प्रश्न पुन्हा विचारतं, चिडचिड करतं. दोन दिवसांनी शाळेत फळ्यावरचं उतरवताना डोकं ठणकतं, आणि घरच्यांना वाटतं अभ्यासाचा कंटाळा.

या इजेचा सगळ्यात मोठा धोका पहिल्या फटक्यात नाही, दुसऱ्यात आहे. मेंदू सावरायच्या आत पुन्हा मार बसला तर तो झपाट्यानं सुजू शकतो. हे क्वचित घडतं, पण घडतं तेव्हा बहुतेक कोवळ्या वयाच्या खेळाडूंत, आणि जीवावर बेततं. त्याच दिवशी पुन्हा मैदानात उतरवायचं नाही, या नियमाचं मूळ इथं आहे.

जगालाही हे समजायला फार वेळ लागला. अमेरिकेत हॅरिसन मार्टलँड या शवचिकित्सकानं १९२८ साली मुष्टियोद्ध्यांच्या बाबतीत लिहिलं की वर्षानुवर्षं डोक्यावर ठोसे खाल्लेले लोक दारू प्यायल्यासारखे झोकांड्या खातात, त्यांचं बोलणं जड होतं. पण मुष्टियुद्धाबाहेरच्या खेळांनी हे आपल्यावर लावून घ्यायला पुढची सत्तर वर्षं घेतली. खेळातल्या कन्कशनवर पहिली आंतरराष्ट्रीय परिषद २००१ साली व्हिएन्नात भरली. २००६ साली अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात झॅकरी लिस्टेड नावाचा तेरा वर्षांचा मुलगा शाळेच्या अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात डोक्यावर पडला, त्याच सामन्यात पुन्हा खेळला आणि सामना संपताच कोसळला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. तो वाचला, पण पुन्हा चालायला शिकण्यात त्याची वर्षं गेली. २००९ साली त्याच्या नावानं तिथं कायदा झाला: कन्कशनचा संशय आला की मुलाला बाहेर काढायचं, आणि जाणकार वैद्यकीय माणसानं लेखी परवानगी दिल्याशिवाय परत घ्यायचं नाही. पाच वर्षांत अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत असे कायदे झाले.

भारतीय वाचकाला या इजेची ओळख क्रिकेटनं करून दिली. १९६२ साली बार्बाडोसमध्ये चार्ली ग्रिफिथचा चेंडू डोक्याला लागून कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर मरणाच्या दारातून परत आले. फ्रँक वॉरेलसह चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी यांनी त्यांना रक्त दिलं. ती इजा कोणाच्याही नजरेतून सुटण्याजोगी नव्हती. रमण लांबाची गोष्ट वेगळी. फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्यात क्लबच्या सामन्यात तो हेल्मेट न घालता फॉरवर्ड शॉर्ट लेगला उभा होता. चेंडू कपाळाजवळ बसला. तो उठला, आपल्या पायांनी ड्रेसिंग रूममध्ये गेला. थोड्या वेळात त्याची प्रकृती ढासळली, आणि तीन दिवसांनी तो गेला. उठून चालता आलं म्हणजे सगळं ठीक, या समजुतीला याहून स्पष्ट उत्तर नाही. २०१९च्या ऑगस्टपासून आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये कन्कशन झालेल्या खेळाडूच्या जागी बदली खेळाडू मिळू लागला. खेळाडूला बाहेर काढल्यानं संघाचं नुकसान होणार नाही, एवढी सोय केली की त्याला बाहेर काढणं सोपं होतं. गावच्या स्पर्धेनं घ्यावा असा हा धडा आहे.

डोक्यांची किंमत रूढीपुढं किती हलकी होते, हे मोर्शी-वरुडच्या माणसाला सांगावं लागत नाही. वऱ्हाडात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरं लाकडी नंदी ओढत तान्हा पोळा साजरा करतात. त्याच दिवशी सीमेपलीकडं, मध्य प्रदेशातल्या मराठीभाषक पांढुर्ण्याला, जाम नदीच्या दोन काठांवर पांढुर्णा आणि सावरगावचे लोक एकमेकांवर गोटे फेकतात. नदीत रोवलेल्या पळसाच्या झाडावरचा झेंडा कोण काढतो यावर गोटमार संपते. दरवर्षी शेकडो जखमी होतात, कितीतरी जणांची डोकी फुटतात, आजवर अनेकांनी जीव गमावला. प्रशासनानं मध्यंतरी रबरी चेंडू देऊन पाहिले, ते बाजूला पडले आणि गोटे परत आले. तरी तिथं निदान रक्त दिसतं, म्हणून रुग्णवाहिका रांगेनं उभ्या राहतात. कबड्डीच्या मैदानावर रक्त दिसत नाही, म्हणून बहुधा कोणीच उभं नसतं.

महाराष्ट्रात मुलांच्या पडण्याचा प्रश्न न्यायालयात गेला तो दहीहंडीच्या निमित्तानं. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयानं अठरा वर्षांखालच्या मुलांना मनोऱ्यात घ्यायला मनाई केली आणि उंची वीस फुटांवर आणली. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयानं ती बंधनं कायम ठेवली. २०१७ साली उंचीची मर्यादा गेली आणि चौदा वर्षांखालची मुलं घेणार नाही, या शासनाच्या हमीवर प्रकरण थांबलं. पुढं गोविंदांना विमा मिळाला, दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा मिळाला. त्या वादात बोललं गेलं ते मुख्यतः उंचीबद्दल. पण कन्कशन व्हायला उंची लागत नाही. सपाट मैदानावर दोन डोकी आदळली तरी पुरे.

आणि मैदान आता बदललं आहे. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली आणि खेड्यातल्या पोरानं टीव्हीवर मॅटवरची कबड्डी पाहिली. उडी मारून चढाईपटूवर झेपावणं, कंबर धरून उचलून आपटणं, साखळीच्या डोक्यावरून उडी घेणं. मॅटवर पाय घट्ट धरतो, वेग वाढतो. तेच डाव पोरं मग तालुक्याच्या मैदानावर करून पाहतात, जिथं खाली कधी मॅट असते, कधी घाईत पसरलेल्या मऊ मातीखाली टणक काळी. खो-खोचंही तसंच. २०२५च्या जानेवारीत दिल्लीत पहिला विश्वचषक झाला, भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी तो जिंकला, आणि गावोगाव पोरी खांबाशी सूर मारू लागल्या. ही आनंदाचीच गोष्ट आहे. खेळ वाढला की मार वाढणार, म्हणून काळजीही त्याच मापानं वाढायला हवी.

ज्या बर्लिनमध्ये १९३६ साली अमरावतीच्या पथकानं कबड्डी दाखवली, तिथंच २०१६ साली खेळातल्या कन्कशनवरची पाचवी परिषद भरली. तिनं आणि २०२२च्या ॲमस्टरडॅम परिषदेनं जे ठरवलं, त्यातलं बहुतेक पाळायला महाग यंत्र लागत नाही. संशय आला की मुलाला बाहेर काढायचं, त्या दिवशी परत घ्यायचं नाही. त्याला एकटं सोडायचं नाही. पहिले एक-दोन दिवस हलकी विश्रांती, मोबाईल-टीव्ही कमीत कमी, थोडं चालणं-फिरणं चालेल. आधी शाळा, मग खेळ: पूर्ण तास बसून अभ्यास जमला की मैदान. मग चालणं, धावणं, एकट्याचा सराव, संघासोबत पण अंगाला अंग न भिडवता सराव, डॉक्टरांच्या होकारानंतर पूर्ण सराव आणि शेवटी सामना. एकेका पायरीला निदान एक दिवस. त्रास वाढला तर एक पायरी मागं. बहुतेक मुलं महिन्याभरात बरी होतात.

काही खुणा दिसल्या तर मात्र क्षणभरही थांबायचं नाही: पुन्हा पुन्हा उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झटके, हातपाय लुळे पडणं, एक बाहुली मोठी एक लहान, मान दुखणं, जागं करूनही जाग न येणं. अशा वेळी मान न हलवता १०८ला फोन. मोर्शीत उपजिल्हा रुग्णालय आहे, पण मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी अमरावती किंवा नागपूर गाठावं लागतं, आणि अमरावतीच्याच पन्नासेक किलोमीटरच्या वाटेवर प्रत्येक मिनिटाला मोल असतं. स्पर्धा रात्री असेल तर गाडी कोणाची, चालक कोण, हे उद्घाटनाचा नारळ फुटण्याआधी ठरलेलं असायला हवं.

यासाठी नवी यंत्रणा उभी करावी लागत नाही. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य ही शालेय स्पर्धांची उतरंड आहेच. अनेक शाळांत क्रीडाशिक्षक आहेत, आणि वऱ्हाडातल्या अनेक क्रीडाशिक्षकांचं शिक्षण आजही अमरावतीच्या त्या शतकभर जुन्या मंडळात होतं. खांबाला धार नको, कैची घालू नको, मैदान मऊ ठेव, हे नियम शंभर वर्षांपूर्वी उन्हाळी वर्गातून मोर्शीपर्यंत पोचले. डोक्याला लागलेल्या पोराला त्या दिवशी बाहेर बसव, हा नियमही त्याच वाटेनं पोचू शकतो: शिक्षणक्रमात एका तासाचा धडा, पंचांच्या वर्गात खुणांची एक पानी यादी, आणि स्पर्धेच्या पत्रकात प्रवेश फी आणि बक्षिसाच्या रकमेशेजारी आणखी दोन ओळी. डोक्याला मार बसल्यास पंच खेळाडूस बाहेर काढतील. त्याच्या जागी राखीव खेळाडू घेता येईल, आणि ती बदली संघाच्या ठरलेल्या बदल्यांत मोजली जाणार नाही.